सेमिनरीच्या खर्चाचं नंतर पाहू, आधी 30 दिवसांतले उरलेले 11 मोजा

प्रश्न: मी 55 वर्षांचा, मुलुंडला राहतो. खासगी कंपनीत स्टोअर्स विभागात आहे, हातात महिन्याला 92 हजार येतात. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. पत्नी घरी शिकवण्या घेते, मुलगी बारावीला. मुलगा 25 वर्षांचा, ऐरोलीला नोकरीला आहे, पगार 48 हजार. त्याला पाळकीय सेवेचं, म्हणजे चर्चमध्ये धर्मगुरू होण्याचं पाचारण आहे. अमेरिकेतल्या एका सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात) एम.डिव्ह. या पदव्युत्तर पदवीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय, 50 टक्के शिष्यवृत्तीसह, म्हणजे अर्धा खर्च सुटला. बँकेत 24 लाखांच्या ठेवी होत्या. त्यातले 6 लाख बँकेतल्याच मॅडमनी सुचवलेल्या हमी उत्पन्नाच्या योजनेत टाकले, तिसऱ्या वर्षाची फी त्यातून निघेल. पीएफ 31 लाख आहे. राहतं घर तारण ठेवून कर्ज काढावं, की उरलेल्या ठेवी मोडाव्यात? कागद सोबत जोडले आहेत.

उत्तर: घर तारण ठेवू नका आणि ठेवीही मोडू नका. त्याची कारणं पुढे देतोच. पण तुम्ही जे विचारलं नाही, ते आधी बघावं लागेल, कारण त्याला तारीख आहे.

तुम्ही लिहिता, 6 लाख "टाकले". जोडलेल्या पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर, तक्त्याच्या चौथ्या ओळीत लिहिलंय: हप्ता वार्षिक, हप्ता भरण्याचा कालावधी 7 वर्षं. म्हणजे तुम्ही 6 लाख टाकलेले नाहीत, 42 लाख भरायचं कबूल केलंय. त्याखालीच आणखी एक ओळ आहे: उत्पन्न नवव्या वर्षाअखेर सुरू, पुढे 20 वर्षं दरवर्षी 4 लाख 80 हजार. मुलाची तिसऱ्या वर्षाची फी दोन-अडीच वर्षांत भरायची आहे. पहिला पैसा हातात येईल तेव्हा मुलगा 34 वर्षांचा असेल. ही योजना त्याच्या फीसाठी आहे असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी एक तर हे पान वाचलेलं नाही किंवा वाचूनही तुम्हाला सांगितलेलं नाही.

आता तुमचा पगार बघा. वर्षाला हातात येतात 11 लाख, त्यातले 6 लाख हप्त्याला जाणार. पहिले तीन हप्ते नोकरीत असताना कसेबसे निघतील. उरलेले चार निवृत्तीनंतर, म्हणजे 24 लाख, आणि ते पीएफच्या 31 लाखांतूनच जाणार. निवृत्तीचे 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला साडेएकसष्ट हजार मिळतात. निवृत्तीनंतर घर मुख्यतः याच पैशांवर चालणार आहे. हे पैसे हप्त्यात गेले तर खाणार काय?

"42 भरा, 96 मिळवा" हे वाक्य तुम्हाला पटलं असणार. 20 वर्षांचे 4 लाख 80 हजार म्हणजे 96 लाख, बेरीज बरोबरच आहे. पण पैसे आज जातात आणि परत येताना नवव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत थोडे थोडे येतात. सगळ्या तारखा धरून हिशेब केला, तर परतावा पडतो वर्षाला पावणेसहा टक्के. तुमची मोडलेली ठेव याहून जास्त देत होती. शिवाय "टॅक्स फ्री" हेही खरं नाही. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचे हप्ते मिळून वर्षाला 5 लाखांच्या वर गेले, तर मिळणारं उत्पन्न करपात्र होतं. तुमचा हप्ता 6 लाखांचा आहे.

सुटका आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून 30 दिवस फ्री लूकचे असतात. त्या मुदतीत पॉलिसी रद्द केली, तर तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा आकार, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. तुम्हाला दस्तऐवज ईमेलने आला आणि ईमेलची तारीखही धरली जाते. त्या तारखेपासून आज 19 दिवस झाले, 11 उरलेत. ही मुदत हुकली तर पहिलं पॉलिसी वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच हाती येत नाही, आणि तेव्हाही सरेंडर केल्यावर 6 लाखांतला मोठा तुकडा तुटतो.

अर्ज बँकेत देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि नोंदवलेल्या ईमेलवरून कंपनीलाही पाठवा. अर्जात पॉलिसी क्रमांक आणि दस्तऐवज मिळाल्याची तारीख लिहा. "फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे" हे वाक्य जसंच्या तसं घाला. कारण एका ओळीत पुरे: हप्ता 7 वर्षं भरायचा आहे हे विकताना सांगितलं नव्हतं. सोबत रद्द केलेला चेक आणि पॅनची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. हप्त्यासाठी ऑटो डेबिटवर सही केली असेल, तर ती बँकेत वेगळ्या अर्जाने रद्द करा. ही पायरी लोक विसरतात आणि पुढच्या वर्षी खात्यातून हप्ता जातो.

बँकेतून फोन येईल. हप्ता कमी करून देतो, दुसऱ्या योजनेत बदलून देतो, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. या प्रत्येक वाक्यात तुमचे दिवस जातात. ऐकून घ्या आणि अर्ज मागे घेऊ नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा 155255 वर फोन करा. त्यानंतरही नाहीच झालं, तर विमा लोकपालांकडे जा, मुलुंडचा भाग त्यांच्या ठाण्याच्या कार्यालयाकडे येतो.

एक गोष्ट जपून ठेवा. पॉलिसीच्या शेवटी तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत आहे, तिच्यात वार्षिक उत्पन्न 18 लाख लिहिलंय. अक्षर तुमचं नाही, सही मात्र तुमची आहे. 11 लाखांच्या माणसाला 6 लाखांचा हप्ता बसत नाही, म्हणून आकडा वाढवला. तक्रारीची वेळ आली तर हे पान सगळ्यात वर लावा.

आता मुलाचं शिक्षण.

50 टक्के शिष्यवृत्ती म्हणजे अर्धा खर्च नव्हे. सेमिनरीच्या पत्रात शब्द आहे ट्यूशन, म्हणजे फक्त शिकवण्याची फी. वर्षाची ट्यूशन 20 हजार डॉलर, त्यातले 10 हजार माफ. राहणं, जेवण, आरोग्यविमा, पुस्तकं मिळून त्याच पत्रात आणखी 22 हजार धरलेत, त्यावर काहीच सूट नाही. म्हणजे 42 हजारांतले 10 हजार सुटले, 32 उरले. डॉलर 90 रुपये धरला तर वर्षाला 29 लाख. तीन वर्षांचे 86, विमानाचं तिकीट आणि किरकोळ धरून 90. रुपया घसरला तर अधिक. पत्राच्या तळाशी असंही आहे की शिष्यवृत्ती दरवर्षी गुण आणि पूर्णवेळ हजेरी पाहून पुन्हा दिली जाईल. तीन वर्षांचं लेखी वचन त्यात कुठेच नाही.

"तिथे काम करून भागवेल" असं तुम्ही पुढे लिहिलंय. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, तेही आवारातच. तासाला 12 डॉलर आणि 36 आठवडे धरले तर साडेआठ हजार डॉलर, आणि काम मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. आय-20 साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या सेमिनरीच्या प्रमाणपत्रासाठी, पहिल्या वर्षाचा पैसा आधी दाखवावा लागतो, त्यात ही कमाई धरत नाहीत. अमेरिकी सरकारची विद्यार्थी मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. शिक्षणानंतर नोकरीची मुभा 12 महिन्यांची, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते ती वाढ ईश्वरविज्ञानाला नाही. म्हणून 350 डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थी नोंदणीचं) शुल्क आणि 185 डॉलरचं व्हिसा शुल्क इतक्यात भरू नका. ते परत मिळत नाही.

पीएफ सोडून हाताशी असलेलं सगळं ओतलं तरी 60 लाखांच्या वर कर्ज उरतं. 60 लाखच धरले तरी 11 टक्के, 15 वर्षं, महिन्याचा हप्ता 68 हजार, शिक्षणाच्या काळात साचलेलं व्याज वेगळं. तुम्हीच लिहिलंय की तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पाळकांना महिन्याला 25 हजार आणि राहायला घर मिळतं. मग 68 हजार कोण भरणार? सहकर्जदार तुम्ही, तेव्हा निवृत्त, आणि तारण तुमचं घर. ज्याला सेवेला जायचंय त्याच्या डोक्यावर असं कर्ज असलं, तर तो पाचारण सोडून पगाराच्या मागे धावेल. मला तुमच्या घरापेक्षा त्याची काळजी जास्त वाटते.

मंडळीतल्या कुणीतरी सांगितलेली अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची "पढो परदेश" व्याजसवलत 2022-23 पासून बंद आहे, तिच्या भरवशावर राहू नका. जे. एन. टाटा एंडोमेंटकडे जरूर अर्ज करता येईल. 1892 पासूनची, मुंबईतलीच संस्था आहे. पण तिथे मिळते ती कर्ज-शिष्यवृत्ती, फेडावी लागते. परदेशी शिष्यवृत्त्यांतल्या लँगहॅमसारख्या नावाजलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. पूर्ण खर्चाची मदत त्या पातळीवर मिळण्याची शक्यता जास्त असते, पहिल्या पदवीला कमी. म्हणून क्रम उलटा करा: ईश्वरविज्ञानाची पहिली पदवी इथे, पुढचं शिक्षण तिथे.

देशात सेरामपूरच्या सेनेटशी (ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेशी) संलग्न बी.डी. ही पाळकांची पदवी पदवीधराला साधारण चार वर्षांची. कोलकात्याचं बिशप्स कॉलेज, जबलपूरचं लेनर्ड, बेंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज ही जुनी नावं, आणि पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी. अर्ज भरण्याआधी बिशपांच्या कार्यालयात एक प्रश्न विचारा: पाळक म्हणून दीक्षा द्यायला तुम्हाला कोणती पदवी चालते? अमेरिकेची एम.डिव्ह. घेऊन येऊन पुन्हा इथे अभ्यास करावा लागला, तर 90 लाखांचा उपयोग काय?

देशातल्या ज्या सेमिनरीचं पत्रक तुम्ही जोडलंय, तिथे वसतिगृह आणि जेवण धरून वर्षाला दीड लाख. चार वर्षांचे 6 लाख. तुम्ही पॉलिसीत घातलेला एक हप्ता.

हे 6 लाखही तुमच्या ठेवीतून जायला नकोत. मुलाने एक वर्ष आणखी नोकरी करावी आणि महिन्याला 25 हजार बाजूला टाकावेत, 3 लाख होतात. ते आवर्ती ठेवीत, शेअर बाजारात नको, कारण पैसा वर्षात लागणार आहे. उरलेल्या 3 लाखांसाठी मंडळी, धर्मप्रांत (बिशपांच्या हाताखालचा विभाग) आणि सेमिनरीचा स्वतःचा मदतनिधी, याच क्रमाने जा. सेमिनरी सहसा पहिल्यांदा विचारते, तुमच्या मंडळीने किती दिले? मंडळीचा आकडा शून्य असला तर तिथलं दारही जेमतेम उघडतं.

मंडळीकडून तोंडी आश्वासन घेऊ नका. पाळकांची बदली होते, कमिटी बदलते आणि दुसऱ्या वर्षी "असं कधी ठरलं?" असा प्रश्न येतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचा ठराव हवा, इतिवृत्तात नोंदवलेला: दरवर्षी किती, किती वर्षं, कोणत्या महिन्यात, आणि रक्कम थेट सेमिनरीच्या खात्यात. वर्षाला 40 हजारांचा ठराव झाला तर चार वर्षांचे 1 लाख 60 हजार झाले. धर्मप्रांताने पुरस्कृत केलं तर शिक्षणानंतर काही वर्षं तिथेच सेवा करण्याची अट असते. मधेच सोडलं तर किती परत करायचं, हे सहीपूर्वी वाचा आणि मुलाला वाचायला लावा.

थेट सेमिनरीला रक्कम देण्यामागे आणखी एक कारण आहे. शिक्षणखर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, पण ओळखीपाळखीच्या लोकांनी मुलाच्या खात्यात भेट म्हणून टाकलेले पैसे वर्षात 50 हजारांच्या वर गेले की सगळी रक्कम करपात्र होते. आणि परदेशी नागरिक झालेल्या नातलगांना मंडळीच्या खात्यात पैसे पाठवू देऊ नका. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी नसेल तर मंडळी अडचणीत येते, आणि नोंदणी असली तरी पैसे दिल्लीतल्या ठरलेल्या स्टेट बँक खात्यातूनच यावे लागतात.

एवढं करून लाख-सव्वा लाख कमी पडले तर ते तुम्ही ठेवीच्या व्याजातून द्या. शैक्षणिक कर्जाची गरज पडू नये. पडलीच, तर बँकेला आधी लेखी विचारा की ही पदवी त्यांच्या यादीत बसते का. ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमांवर बँका अडतात, आणि हे प्रवेशाची फी भरून झाल्यावर कळतं.

अमेरिकेच्या सेमिनरीला नकार लिहू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का आणि शिष्यवृत्ती त्याच रकमेची राहील का, हे दोन प्रश्न एकाच ईमेलमध्ये विचारा. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला मौन आलं, तर उत्तर नाही असं समजा.

ठेवींतले 18 लाख आणि परत येणारे 6 लाख मुलीच्या पदवीसाठी आणि तुमच्या निवृत्तीसाठी आहेत. कंपनीचा आरोग्यविमा निवृत्तीच्या दिवशी संपेल. तुम्हा दोघांची स्वतःची पॉलिसी आत्ता, 55 व्या वर्षी घ्या. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असतो, तो नोकरीतच संपू द्या.

उद्या शाखा उघडताच फ्री लूकचा अर्ज द्या. शिक्क्याच्या प्रतीचा फोटो मला पाठवा, आणि पैसे खात्यात येईपर्यंत उरलेल्या ठेवींतल्या एकीलाही हात लावू नका.