रिमास्टर घेतोयस? आधी आवाज जुळव

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' निवडलास, झकास! गायक गिलन आणि बेस गिटारवाला ग्लोव्हर १९७३ मध्ये बँडमधून बाहेर पडले होते. १९८४ च्या या अल्बममध्ये ते दोघे आणि तेव्हाचे बाकीचे तिघे असे पाचही जण पुन्हा एकत्र आले.

१९९९ चं रिमास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारून काढलेली आवृत्ती, जरूर घे. त्यात 'सन ऑफ अलेरिक' ही जादा वाद्यरचना आहे, तेवढ्यातच पैसे वसूल. पण जुन्या सीडीशी ताडून बघताना दोन्हींचा आवाज आधी सारखा कर, कारण जे मोठ्याने वाजतं तेच कानाला उजवं वाटतं. मग शीर्षकगीताच्या सुरुवातीचा जॉन लॉर्डचा ऑर्गन ऐक. ती गुरगुर ड्रम सुरू झाल्यावरही मोकळी राहते का, तेवढं बघ.

एलपी, म्हणजे जुनी मोठी तबकडी, मिळालीच तर उभी ठेव. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलीस, तर वाकलीच म्हणून समज.