‘तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला उभं राहता येत नाही’

प्रश्न : मी मूळची बीड जिल्ह्यातली. चौदा वर्षांपूर्वी मिस्टरांबरोबर ऊसतोडीला इकडे आले आणि इथलीच झाले. पहिली चार वर्षं गायरानात खोपट होतं. मग गावठाणात जुनं घर विकत घेतलं. मी शिवणकाम करते. दोन मुलं आहेत, दोघंही इथल्याच शाळेत. यंदा ग्रामपंचायतीला आमचा वॉर्ड नामाप्र (नागरिकांचा मागास प्रवर्ग) महिलेसाठी सुटलाय आणि आम्ही वंजारी. आळीतल्या बायका म्हणतात, उभी राहा. पण पॅनेलची माणसं घरी येऊन सांगून गेली, ‘तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला उभं राहता येत नाही.’ मिस्टर घाबरलेत. काय करू?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझ्या उमेदवारी अर्जाची 2005 सालची छाननी आठवली. मी कोकणातून लग्न होऊन देशावर आलेली. मतदार यादीत माझं आडनाव माहेरचंच छापलं होतं आणि अर्जावर सासरचं. हरकत आली. तहसील कचेरीतल्या त्या बाकावर प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि पिशवीत विवाह नोंदणीचा दाखला नव्हता. तो घरी, ट्रंकेत. दीर सायकलवरून घेऊन येईपर्यंत माझ्या हाताला घाम सुटला होता. अर्ज टिकला. मी सात मतांनी पडले, पण अर्ज टिकला हे मी आजही अभिमानाने सांगते.

म्हणून आधी कायद्याचं. ग्रामपंचायतीला उभं राहायला जन्म कुठला हे कुणी विचारत नाही. वय 21 पूर्ण हवं आणि नाव त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत हवं. तुम्हाला जे सांगून गेले ते खोटं आहे. मात्र बीडकडच्या यादीत तुमचं नाव अजून असेल तर ते आजच वगळायला अर्ज द्या. हरकत घेणारे तिथपर्यंत जातात.

खरी काळजी मला गायरानाची वाटते. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व जातं. अतिक्रमण नवऱ्याने किंवा सासऱ्याने केलेलं असलं आणि तुम्ही नुसत्या त्या घरात राहत असलात तरीही जातं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय. तुम्ही तिथून निघालात हे चांगलं झालं. पण ते खोपट अजून उभं आहे का? नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, ते मिस्टरांच्या नावावर लागलेलं नाही ना? उतारा काढून बघा. आताच्या घराचाही काढा. मोजणीत घर एखादा हात रस्त्यात गेलेलं निघालं तर सदस्यत्व जायला तेवढंसुद्धा पुरतं. घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती घ्या, शौचालय वापराचा दाखला मागून ठेवा.

जातीचा दाखला तुमच्या वडिलांकडून येतो, म्हणजे बीडची फेरी चुकत नाही. वंजारी भटक्या जमाती-ड मध्ये, तेव्हा 21 नोव्हेंबर 1961 आधीचा पुरावा लागेल. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल (ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरात तो बहुतेक नसतोच) तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. जातपडताळणीचा अर्ज लगेच टाका. पडताळणी प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही म्हणून निवडून आलेल्या बायका घरी बसलेल्या मी पाहिल्यात.

आता ‘बाहेरच्या’विषयी. जळगाव जिल्ह्यात भादलीला अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने महिला वॉर्डातून अर्ज भरला. तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी 2021 मध्ये न्यायालयाने अर्ज धरायला लावला आणि त्याच महिन्यात त्या निवडूनही आल्या. त्याआधी 2017 मध्ये माळशिरस तालुक्यात तरंगफळच्या लोकांनी ज्ञानदेव कांबळे, म्हणजे तिथल्या माऊली, या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं. त्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या कुणी आपलं म्हटलं नव्हतं. तुम्ही तर दहा वर्षं या आळीत ब्लाउजची मापं घेताय. कुणाच्या घरी नळाला पाणी पहाटे तीनला येतं, कुणाच्या म्हातारीला निराधारचे पैसे थांबलेत, हे पॅनेलवाल्यांना माहीत नाही, तुम्हाला आहे. प्रचारात तेवढंच बोला.

मिस्टरांना एकटं सोडू नका. पॅनेलवाले पुढच्या वेळी त्यांनाच चहाला बोलावतील. अर्ज भरायला, छाननीला, माघारीच्या दिवशी दोघं बरोबर जा, आणि आळीतल्या ज्या बायका ‘उभी राहा’ म्हणतात त्यांच्यातल्या दोघींना सोबत न्या. माघारीची वेळ टळेपर्यंत फोन तुमच्याच हातात ठेवा.

निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडा. चहा-वडापावचाही खर्च रोज लिहा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, हरलेल्यालाही. चिन्हांच्या यादीत शिलाई मशीन दिसलं तर पहिली पसंती तेच लिहा.

नमुना 8 चे दोन्ही उतारे हाती आले की त्यांची झेरॉक्स मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. अर्ज भरण्याआधी मी स्वतः बघून कळवते.