जुनी गोळी बंद होणार का?

प्रश्न : यजमान ३४ वर्षांचे. दोन औषधं चालू असूनही फिट येतेच. डॉक्टर नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं म्हणतात. नुसतीच खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी मिळाली तर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, अशा चाचणीत बहुधा जुन्या गोळ्या तशाच राहतात, नवी किंवा खोटी गोळी त्यांच्या जोडीला देतात. फिट आल्याची नोंद आत्तापासून वहीत ठेवा, सगळा हिशेब तिच्यावरच. मात्रा किती सावकाश वाढवणार, हे मी तरी आधी विचारीन. सेनोबामेट या फिटवरच्या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत ती भराभर वाढवली, तेव्हा काहींना औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी झाली, पुढे १२.५ मिलिग्रॅमपासून दर दोन आठवड्यांनी वाढवली, तर १,३३९ जणांत एकालाही नाही! संमतिपत्र मराठीतच मागा. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, पण गोळ्या मनाने थांबवू नका.