२४० मिनिटांचे वाटप

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुमच्या मुख्य कोचला यंदा एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, ऑल-स्टार सामन्यात (निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्यात) संघ सांभाळण्याचा मान मिळाला आणि त्यांच्याबरोबर सगळा स्टाफ जाणार, म्हणजे व्हिडिओच्या खोलीत रात्री जागवणारा तूही जाणार. हंगामाच्या मध्यावर मिळणारी विश्रांती सोडून, जिथे कोणी डिफेन्सच करत नाही आणि कोचला कामच नाही अशा ‘सर्कशी’ला जाण्यात अर्थ काय, असे तू विचारतोस. तुझा थकवा खरा आहे, पण प्रश्न चुकीचा आहे. बेंचवर बसायचे तर कोच म्हणून बसायचे. ते जमणार नसेल तर खुशाल घरी झोप.

हा मान मेहेरबानीचा नाही. ठरलेल्या तारखेला आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पूर्व किंवा पश्चिम गटात, ज्याचा संघ पुढे, त्याचा कोच जातो. लॉस एंजेलिस लेकर्सचे कोच पॅट रायली १९८२ ते १९९० या नऊ हंगामांत आठ वेळा तिथे पोहोचले, म्हणून लागोपाठ दोन वर्षे एकाच माणसाने बसू नये असा नियमच झाला. त्याच नियमामुळे २०२४ मध्ये, आदल्या वर्षी बसलेले बोस्टनचे कोच जो मझुला अपात्र ठरले आणि मान डॉक रिव्हर्स यांच्याकडे गेला. मिलवॉकीचा संघ हाती घेऊन त्यांना तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. ३० विजय आणि १३ पराभव ही कमाई होती आधीच्या कोचची, एड्रियन ग्रिफिन यांची, ज्यांना तेवढ्यावरही नारळ मिळाला होता. रिव्हर्स यांनी हे स्वतःच बोलून दाखवले, ते मला आवडले. तुझ्या बाबतीत तसा संकोच नको. ऑक्टोबरपासूनच्या त्या विजयांत तू कापलेल्या क्लिपाही आहेत.

आता तुझ्या ‘सर्कस’ या शब्दाकडे येतो. २०२३ चा सॉल्ट लेक सिटीचा सामना मीही पाहिला, पहाटे उठून, चहा गार करत. १८४-१७५. बेंचवर बसलेले कोच मायकेल मलोन यांनीच त्याला आजवरचा सर्वांत वाईट सामना म्हटले. पुढच्या वर्षी पूर्वेने २११ गुण केले. हे मी नाकारत नाही. पण २००१ चा वॉशिंग्टनचा सामना एकदा शेवटच्या नऊ मिनिटांपासून लावून बघ. पूर्वेचा संघ २१ गुणांनी मागे, समोर डंकन, गार्नेट, वेबर असे ताडमाड लोक, आणि पूर्वेचे कोच लॅरी ब्राउन यांच्याकडे उंची म्हणावी अशी एकट्या मुटोंबोची. त्याच्याभोवती आयव्हरसन, मार्बरी असे चपळ गडी धावले आणि सामना १११-११० असा फिरला. तो प्रदर्शनाचा सामना आहे असे बहुधा त्यांना कोणी सांगितले नव्हते!

आणि काम नाही म्हणतोस? साधा हिशेब कर. सामन्याची ४८ मिनिटे गुणिले मैदानावरचे पाच खेळाडू, म्हणजे २४०. संघात खेळाडू बारा, वाट्याला वीस-वीस मिनिटे, आणि प्रत्येकाला सवय पस्तीसची. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचे हे घरचे शहर, कोणाची ही शेवटची वेळ. १९९८ मध्ये न्यू यॉर्कला पश्चिमेचे कोच जॉर्ज कार्ल यांनी एकोणीस वर्षांच्या कोबी ब्रायंटला चौथ्या क्वार्टरमध्ये बसवून ठेवले. सगळे सभागृह ज्याला बघायला आले होते त्यालाच! बरोबर की चूक हा वाद राहू दे, पण तो निर्णय कोचचा होता. २०२५ मध्ये स्वरूप बदलले होते, ४० गुण आधी करील तो जिंकला असे छोटे सामने झाले. तिथे मिनिटे आणखी कमी, म्हणजे वाटप आणखी अवघड. बेंचवर बसायचे तर कोच म्हणून बसायचे, हे मी उगाच घोकत नाही.

मला ते महागात पडले आहे. एका स्पर्धेच्या समारोपाला निवडक खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना होता. पाहुण्यांचा लाडका मुलगा माझ्या संघात होता आणि तो बास्केट टाकून झाली की कमरेवर हात ठेवून तिथेच उभा राहायचा. दोनदा ओरडलो, तिसऱ्यांदा बसवला, तो शेवटपर्यंत. आयोजकांनी पुढे चार वर्षे मला बोलावले नाही. त्याचे मला काही वाटले नाही. वाईट याचे वाटते की अकरा वर्षे माझ्याबरोबर राबलेल्या माझ्या सहायकालाही त्यांनी बोलावले नाही, आणि त्याला तो बेंच पुन्हा मिळालाच नाही. एवढे होऊनही त्या मुलाला परत आत पाठवायला हवे होते, असे मला आजही वाटत नाही. जो मागे धावत नाही त्याची जागा बाहेर. बाकीचे चौघे काय वेडे होते?

असो. जाताना खिशात एक कोरे कार्ड ने आणि मिनिटे स्वतःच्या हाताने लिही, टॅबलेटवर विसंबू नकोस. माझे त्या दिवशीचे कार्ड अजून कपाटात आहे. त्या मुलाच्या नावापुढे ९ लिहिलेले आहे. तुझे पत्र आल्यावर काढून पाहिले. फार तर ११ करता आली असती.