वाचकांचे प्रश्न : फेअरट्रेडचा शिक्का आणि विक्रीचे आकडे

प्रश्न : इंग्लंडमध्ये किटकॅटवरचा फेअरट्रेडचा शिक्का गेला, पण जर्मनीत स्वस्त दुकानांतल्या चॉकलेटवरही तो दिसतो. मग या मालाची विक्री वाढतेय की घटतेय? – वाचक, लेस्टर

फेअरट्रेड म्हणजे शेतमालाला किमान भावाची हमी आणि शेतकऱ्यांच्या सोसायटीला वर प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम, देणारी प्रमाणपत्र व्यवस्था. विक्रीचं उत्तर देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये 1994 साली शिक्क्याचा पहिला माल आला आणि पुढची वीस वर्षं विक्री चढतीच राहिली. 2007 मध्ये सेन्सबरी या सुपरमार्केट साखळीने सगळी केळी फेअरट्रेड केली, 2009 मध्ये कॅडबरीचं डेअरी मिल्क आलं, 2010 मध्ये चार कांड्यांचं किटकॅट. 2014 साली मात्र विक्री प्रथमच घसरली, सुमारे 4 टक्क्यांनी. गिऱ्हाईक विटलं म्हणून नव्हे. सुपरमार्केटांचं आल्डी-लिडल या स्वस्त दुकानांशी दरयुद्ध पेटलं, त्यात भाव आणि मांडणीतली जागा दोन्ही आवळली गेली. साखरेचं दुखणं निराळं. युरोपात बीट साखरेवरचा कोटा सप्टेंबर 2017 अखेर उठला, आणि फिजी, मलावीच्या उसाच्या साखरेला तिथल्या स्वस्त साखरेशी टक्कर देणं जड गेलं.

त्यात मोठ्या कंपन्या बाहेर पडल्या. कॅडबरीने 2016 मध्ये स्वतःची ‘कोको लाइफ’ योजना पुढे केली, तर नेस्लेने 2020 मध्ये किटकॅट रेनफॉरेस्ट अलायन्स या दुसऱ्या शिक्क्याकडे नेलं. शिक्के दोन्ही दिसायला सज्जन, पण पैशांत फरक आहे. फेअरट्रेड कोकोला 2019 पासून टनामागे किमान 2400 डॉलरची हमी आणि वर 240 डॉलर प्रीमियम होता. रेनफॉरेस्टमध्ये किमान भावाची हमी नाही. 2022 पासून टनाला निदान 70 डॉलर जादा द्यावे लागतात.

जर्मनीत 2014 मध्ये नियम सैल झाले. एरवी मिश्र पदार्थात जो जो घटक फेअरट्रेडमध्ये मिळतो, तो तिथूनच घ्यावा लागतो. नव्या सोयीत फक्त कोको घेतला तरी चालतं. दुकानांच्या घरच्या ब्रँडांना हे सोपं पडलं आणि कोकोची विक्री अनेक पटींनी वाढली. आमच्या मते विक्री वाढवायला ही तडजोड योग्यच होती, पण अशा चॉकलेटमधली साखर फेअरट्रेड आहे असं धरून चालू नका.

प्रश्न : विक्रीचा आकडा वाढला म्हणजे शेतकऱ्याला जास्त मिळालं, असं समजायचं का? – वाचक, पुणे

नाही. पौंड-युरोचा आकडा दुकानातल्या किमतीचा असतो. महागाई वाढली की तोही फुगतो. किती टन माल विकला गेला ते पाहा. अमेरिकेचे आकडे जोडताना जपून राहा. तिथली फेअर ट्रेड यूएसए ही संस्था 2011 अखेर आंतरराष्ट्रीय फेअरट्रेड संघटनेतून बाहेर पडली, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या बेरजा जुळत नाहीत.

कॉफीचं गणित घ्या. 2019 मध्ये अरेबिका जातीच्या कॉफीचा बाजारभाव पौंडाला (सुमारे 454 ग्रॅम) एका डॉलरखाली गेला होता. तेव्हा धुतलेल्या (पाण्याने प्रक्रिया केलेल्या) अरेबिकाची हमी 1.40 डॉलर होती, वर 20 सेंट प्रीमियम. त्यातले 5 सेंट उत्पादकता आणि दर्जासाठीच वापरायचे. 69 किलोच्या 275 गोण्यांचा कंटेनर धरला तर प्रीमियम सुमारे 8,400 डॉलर होतो. हा पैसा सोसायटीच्या खात्यात जातो, शेतकऱ्याच्या खिशात थेट नव्हे. सभासदांची सभा त्याचं काय करायचं ते ठरवते. ऑगस्ट 2023 पासून हमी 1.80 झाली.

गाडी अडते ती बाजार उसळल्यावर. 2021 च्या जुलैत ब्राझीलमध्ये थंडीने दंव गोठलं आणि भाव भडकला. अशा वेळी दारात रोख मोजणारा व्यापारी उभा असतो. सभासद त्याला माल घालतात, आणि जुन्या भावाने करार करून बसलेल्या सोसायटीकडे द्यायला कॉफीच उरत नाही. करार करतानाच भाव कधी ठरवायचा, याची मुभा लिहून घेतलेली बरी.

प्रश्न : आमच्या शेतकरी कंपनीने काजूसाठी प्रमाणपत्र घ्यावं का? – वाचक, सिंधुदुर्ग

आधी गिऱ्हाईक, मग प्रमाणपत्र. तपासणी बॉनची फ्लोसर्ट ही संस्था करते आणि फी गटाने भरायची असते, माल विकला जावो वा न जावो. प्रमाणित माल सगळाच त्या अटींवर खपत नाही; उरलेला साध्या भावाने जातो. म्हणून खरेदीदाराकडून वर्षाला किती टन घेणार, हे लेखी मागा. केरळातल्या काजू उत्पादकांची फेअर ट्रेड अलायन्स केरळ ही संस्था याच प्रमाणपत्राखाली काम करते, तिथे चौकशी करा. तपासणीत बहुतेक वेळा अडतं ते नोंदींत. कोणत्या सभासदाची किती बी आली, त्यातून किती गर निघाला आणि तो कोणाला गेला, हे तिन्ही एकाच वहीत जुळलं पाहिजे.