तेच तेल मोठ्या भागाला पुरते, मग एक मिलिमीटरच्या पितळी पिनला का पुरत नाही?

आपला प्रश्न असा की, १० मिलिमीटर व्यासाच्या पितळी तुकड्याचे ज्या तेलावर कोल्ड एक्स्ट्रूजन (धातू न तापवता, दाबून साच्यात आकार देणे) सुरळीत होते, त्याच तेलावर १ मिलिमीटरच्या तुकड्याला हिशेबापेक्षा जास्त भार का लागतो. पितळ तेच आणि तेलही तेच असले, तरी तेल कोंडून राहण्याचे प्रमाण बदललेले असते.

धातूचा पृष्ठभाग सूक्ष्म उंचवट्यांनी आणि खळग्यांनी भरलेला असतो. दाब आला की उंचवटे चेपतात. चहूबाजूंनी बंद झालेल्या खळग्यातले तेल बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे ते स्वतःच दाब पेलते. कडेलगतच्या खळग्यांतले तेल मात्र बाहेर निसटते आणि तिथे धातू डायला, म्हणजे आकार देणाऱ्या साच्याला, थेट घासतो. कडेच्या या पट्ट्याची रुंदी भागाच्या आकारावर नव्हे, तर पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर ठरते, आणि भाग दहापट लहान केला म्हणून खडबडीतपणा काही दहापट कमी होत नाही. साहजिकच लहान तुकड्याचा बराचसा पृष्ठभाग या पट्ट्यातच येतो. जर्मनीतील एर्लांगेन-न्युर्नबर्ग विद्यापीठात झालेल्या दुहेरी कप एक्स्ट्रूजनच्या (तुकडा दोन पंचांमध्ये, म्हणजे दाबणाऱ्या दांड्यांमध्ये, दाबून वर आणि खाली एकेक कप काढण्याच्या) चाचण्यांत तेल वापरले असता आकार घटत गेला तसे घर्षण वाढत गेले, पण तेलाशिवाय तसा परिणाम दिसला नाही. मला यातला दुसरा निष्कर्ष अधिक बोलका वाटतो, कारण कोंडायला द्रवच नसेल तर बंद आणि मोकळ्या खळग्यांत फरक उरत नाही.

शिवाय आकार दहापट घटला की पृष्ठभाग शंभरपट, तर आकारमान हजारपट घटते. त्यामुळे एकूण भारात घर्षणाचा वाटा तसाही वाढतो.

उपाय म्हणून मी आधी डायला चांगले पॉलिश करीन, पण तुकडा फार गुळगुळीत करणार नाही, कारण मग तेलाला थारा राहत नाही. त्यानंतर मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे घन वंगण वापरून पाहावे. मात्र त्याच्या थराची जाडी इथे टॉलरन्समध्येच (मापातल्या मान्य फरकातच) धरावी लागते आणि बारीक भोकांतून ते धुऊन काढणे त्रासाचे असते. नुसते जाड तेल घेण्याचा मार्ग मी शेवटी ठेवीन.

कोणताही बदल केल्यावर मोठ्या भागांसाठीचे घर्षणांक पुस्तकातून उचलू नका. आपल्याच आकाराच्या तुकड्यावर दुहेरी कप चाचणी घ्या: घर्षण नसेल तर वरचा आणि खालचा कप सारख्याच उंचीचे होतात, आणि घर्षण जितके जास्त, तितका हलत्या पंचाकडचा कप दुसऱ्यापेक्षा उंच निघतो.