जी ओळ समजत नाही ती काढून टाक

अगं,

तुझा रात्रीचा मेसेज दोनदा वाचला. तीन आठवड्यांत तुझ्या बुद्धिबळ खेळणाऱ्या एंजिनमध्ये नल मूव्ह, एलएमआर, किलर, हॅश टेबल (आधी तपासलेल्या पोझिशनचा साठा) अशा शोध वेगवान करायच्या सगळ्या युक्त्या घातल्यास, ते झपाट्याने सुधारलं आणि आता राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये हातातले डाव घालवतंय. कुठे हात घालू कळत नाही म्हणतेस आणि वर विचारतेस, कोड साधा ठेवू की ताकद वाढवू? मला फक्त एवढं सांग, यातल्या किती ओळी कशासाठी आहेत ते तुला न बघता सांगता येईल?

नल मूव्हचंच घे. आपली खेळी सोडून द्यायची, समोरच्याला लागोपाठ दोन खेळू द्यायच्या, तरी आपणच वरचढ राहिलो तर शोधाची ती फांदी छाटायची. यामागचं गृहीतक असं की काहीतरी खेळणं हे न खेळण्यापेक्षा वाईट नसतं, आणि राजा-प्यादी उरली की नेमकं हेच खोटं पडतं, झुगझ्वांग होतो, म्हणजे जी खेळी खेळावी ती नुकसानच करते. म्हणून ज्याची पाळी त्याच्याकडे नुसती प्यादीच असतील तर नल मूव्ह करायचा नाही, अशी एका ओळीची अट असते. तू कोड उचललास आणि ती अट गाळलीस, कारण ती का आहे हे माहीतच नव्हतं. जी ओळ समजत नाही ती काढ. आणि जी गाळलीस ती का होती तेही समजून घे.

मी रागावलोय असं वाटेल, पण हे मी स्वतः भोगलंय गं. माझ्या पहिल्या एंजिनकडे राजा-वजीर, समोर एकटा राजा, आणि हे वजीर नुसता फिरवत बसायचं, दर खेळीला दाखवायचं तीन खेळ्यांत मात, आणि शेवटी पन्नास खेळ्यांच्या नियमाने बरोबरी! मात किती लांब आहे हे मी शोधाच्या मुळापासून मोजून तसंच हॅश टेबलात टाकत होतो, तीच पोझिशन दुसऱ्या खोलीवर, म्हणजे मुळापासून वेगळ्या अंतरावर, आली की आकडा खोटा. ठेवताना अंतर दुरुस्त करायचं, काढताना परत उलटं, दोन ओळींचं काम. मला चार महिने लागले, कारण त्याच आठवड्यात मी आणखी सहा गोष्टी घातल्या होत्या आणि संशय सगळ्यांवर होता. शेवटी कंटाळून ते एंजिन सोडूनच दिलं, आणि त्याची खंत अजून आहे.

ताकद हवी तर गुंतागुंत आलीच असं म्हणू नकोस. स्टॉकफिश या नावाजलेल्या एंजिनमध्ये कोड कमी करणारा पॅच फिशटेस्ट या त्यांच्या चाचणी-यंत्रणेवर हजारो डाव खेळून ताकद घटत नाही असं दिसलं की स्वीकारतात, नुसता साधेपणा हे कारण पुरतं. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ला एनएनयूई, म्हणजे पोझिशन जोखणारं न्यूरल नेटवर्क, आलं आणि २०२४ च्या १६.१ मध्ये हाताने लिहिलेलं अख्खं इव्हॅल्युएशन (पोझिशन जोखायचे नियम) काढून टाकलं, किती वर्षांची मेहनत होती ती! नेटवर्कच्या आतलं कोणाला वाचता येतं म्हणशील, तर ते मान्य आहे, पण त्यांनी प्रत्येक पाऊल मोजलंय, तू मोजलं नाहीस. आणि छोटं म्हणजे साधं असंही नाही हं, मायक्रोमॅक्स हे एंजिन इवलंसं आहे पण वाचताना घाम फुटतो. त्यापेक्षा टीएससीपी या साध्या एंजिनचा कोड वाच.

माझं आत्ताचं एंजिन तुझ्याकडून हरेल, मला माहितीये. तरी त्यात एलएमआर, म्हणजे यादीत मागे असलेल्या खेळ्या कमी खोलीवर बघणं, नाही, कारण कुठली खेळी कमी खोलीवर बघायची हे मला अजून नीट पटलेलं नाही, आणि न पटलेलं मी ठेवत नाही. याला कोणी हट्ट म्हणो, मी बदलणार नाही.

आता सगळं बंद कर. आधी पर्फ्ट चालव, म्हणजे नियमात बसणाऱ्या खेळ्यांचे सगळे क्रम मोज, सुरुवातीच्या पटावरून खोली ५ ला ४८,६५,६०९ आलेच पाहिजेत, एक कमी नाही एक जास्त नाही. मग हॅश टेबल एकटं चालू करून राजा-वजीरची मात देतंय का बघ, नल मूव्ह त्यानंतर, अट घालून, आणि दर वेळी आधीच्या व्हर्जनशी निदान हजार डाव लाव, वीस डावांवर काही ठरवू नकोस. रविवारी पर्फ्टचा आकडा पाठव, मी वाट बघतोय.